रहेमान गादीवाल्याची टाच

दारव्ह्यात गादी म्हटली की लोक रहेमानचं नाव घेतात, आणि रहेमान म्हटला की त्याचं तोंड आठवतात, कारण ते मिटलेलं कोणी पाहिलेलं नाही. बाप खांद्यावर पिंजण टाकून खेडोपाडी हिंडणारा पिंजारी. रहेमानने कापूस पिंजायचं यंत्र आणलं, बसस्टँडच्या मागे दुकान टाकलं आणि तालुक्यातल्या निम्म्या लेकी त्याच्याच गाद्या घेऊन सासरी गेल्या. जुनी गादी उलगडली की माणूस कोणत्या कुशीवर झोपतो, घरात धुसफूस आहे का, हे तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. निम्मं साफ चूक निघतं. तरी सांगायचं सोडत नाही.

आपल्या अंगाला कधी डॉक्टरचा हात लागला नाही, याचा त्याला भारी ताठा. कापसाच्या धुळीत जन्म गेल्यामुळे खोकला घरचाच, आणि बाकी दुखण्यांना तो आलं, ओवा आणि गरम विटेचा शेक यांच्या जोरावर परतवून लावायचा. असा हा गडी दिवाळीनंतर, ऐन हंगामात, आडवा झाला. तोही कशाने, तर टाचेने.

झालं असं की लग्नाच्या दोन जाड गाद्या मालवाहू ऑटोत चढवायच्या होत्या. ऑटोवाला राजदीप पुढे बसून फोनवर बोलत होता. रहेमानने चवड्यावर जोर देऊन गादीला खांद्याने रेटा दिला आणि मागून कोणीतरी पोटरीखाली काठी हाणली. आवाजसुद्धा झाला, फट्कन.

“काहून मारलं बे?” रहेमान वळून ओरडला.

मागे कोणी नव्हतं. रस्त्यापलीकडे एक शेळी उभी होती, ती बरीच लांब. राजदीप धावत आला आणि त्यानेच पहिल्या दोन शिव्या खाल्ल्या. रहेमानने पाय टेकवायला पाहिला तर पाऊल जाग्यावर होतं, पण हुकूम ऐकत नव्हतं. दुखतही फार नव्हतं. कोणी मारलं नाही, पडलो नाही, रक्त नाही, मग पाय का चालत नाही, हे त्याला कळेना. तिथून जो त्याचा गोंधळ उडाला तो पुढे वाढतच गेला.

मुलगा जीशान आणि बायको जोहराबी त्याला यवतमाळला घेऊन गेले. हाडांचा डॉक्टर अगदी पोरगेला होता. त्याने पोटरी दाबून पाहिली आणि म्हणाला, “काका, तुमचा अकिलीस तुटलाय.”

“कोण?”

“अकिलीस. टाचेवरची ही जाड शीर.”

“मह्या पायात मी राह्यतो, साहेब. मले तं कोणी सांगतलं नाही हा कधी राह्याले आला ते.”

डॉक्टर हसला. टाके घालून जोडू म्हणाला, दोन-तीन महिन्यांत चालाल म्हणाला, आणि त्याआधी रक्त तपासू म्हणाला. टाच तुटल्यावर रक्त कशाला तपासतात, हे रहेमानने विचारलं, पण सुई आत गेलेली होती. थोड्या वेळाने डॉक्टरने जीशानला आणि जोहराबीला बाहेर बोलावलं. दार लोटलं होतं. रहेमान टेबलावर पाय लोंबकळत ठेवून दाराकडे बघत बसला. दोघं परत आली तेव्हा जोहराबीचे डोळे लाल होते आणि जीशान फार गोड आवाजात म्हणाला, “काही नाही अब्बा. ऑपरेशन थोडं थांबून करू म्हणे.” अर्धं प्लास्टर बांधून त्याला घरी आणलं.

आता इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय रहेमानची पुढची वेडेगिरी समजायची नाही. आपल्याकडे आजाऱ्याला आजाराचं खरं नाव सांगत नाहीत. नाव कानावर पडलं की माणूस हाय खातो, असा समज. मग सगळं घर, सगळे पाहुणे, वेळप्रसंगी डॉक्टरसुद्धा मिळून त्या दुखण्याला एखादं गरीब नाव देतात आणि पेशंटपुढे तेच चालवतात. या कामाला गोड बोलणारा, न डगमगणारा माणूस लागतो. आणि रहेमानने हे काम जातीने केलेलं होतं.

बोरी अरबचे किसनराव हे त्याचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांच्या शेतातली रुई, याची गादी, असा तो घरोबा. किसनरावांच्या पोटात गाठ निघाली आणि ती आटोक्याबाहेरची निघाली, तेव्हा त्यांचा मुलगा अमर दुकानात येऊन रडला. म्हणाला, काका, बाबा तुमचंच ऐकतात, तुम्हीच सांभाळा. त्या दिवसापासून त्या गाठीचं नाव रहेमानने ‘गॅस’ ठेवलं. दर जुम्म्याला नमाज झाली की गाडीला किक मारून तो बोरीला जायचा, ओव्याच्या पुड्या न्यायचा, स्वतःच्या गॅसचे खरेखोटे किस्से रंगवून सांगायचा आणि किसनरावांना हसवून परत यायचा. मागच्या वर्षी तूर सोंगायच्या दिवसांत किसनराव गेले, ते गॅसनेच गेले. आपण दोस्ताला शेवटपर्यंत कळू दिलं नाही, याचं रहेमानला आजवर समाधान होतं.

तर असा मुरलेला माणूस स्वतः खाटेवर पडला. दुसऱ्याच्या घरी खपवलेला माल आपल्याला कोणी आणून दिला तर तो ओळखणार नाही का?

पहिली खूण जीशानची. एरवी बापाशी दोन वाक्यांत भांडण काढणारा हा मुलगा आता “अब्बा, काय पाह्यजे?” विचारत होता. पोरगा अचानक अदबीने वागायला लागला की बापाने सावध व्हावं. दुसरी खूण चहाची. जोहराबीने बिनसाखरेचा चहा पुढे केला आणि साखर संपली म्हणाली. मागोमाग शेजारीण आली, तिने त्याच घरचा चहा पिऊन “गोड झाला बाई” म्हटलं. तिसरी खूण आर्णीच्या साळीची, म्हणजे जोहराबीच्या बहिणीची. रहेमानशी बोलचाल नसलेली ही बाई पपई घेऊन भेटायला आली आणि उंबऱ्यातच तिने डोळ्यांना पदर लावला. टाचेसाठी कोणी आर्णीहून पपई आणतं का?

शेवटी त्याने मूळ आरोपीलाच शोधायचं ठरवलं. सून शगुफ्ता एका इंग्रजी शाळेत शिकवते. तिला त्याने हाक मारली. “बेटा, हा अकिलीस कोण होय?”

शगुफ्ताला घरात तिचा विषय कोणी कधी विचारला नव्हता. ती खुर्ची ओढून बसलीच. म्हणाली, अब्बा, हा यूनानचा, म्हणजे ग्रीसचा, फार मोठा पहिलवान. त्याच्या आईला वाटलं पोराला कधी काही होऊ नये, म्हणून तिने त्याला टाचेला धरून एका जादूच्या नदीत बुचकळलं. सगळं अंग पोलादाचं झालं, हातात धरलेली टाच तेवढी कोरडी राहिली. म्हणून लोक माणसाच्या कच्च्या जागेला अकिलीसची टाच म्हणतात. क्रिकेटवालेही म्हणतात, पुढारीही म्हणतात.

“त्या बाईनं दुसऱ्या डावाला पोट्टं पलटवून टाच काहून नाही बुडवली?” रहेमानने विचारलं.

हा प्रश्न शगुफ्ताच्या वर्गात कोणी काढला नव्हता.

“बरं, मंग काय झालं त्याचं?”

“लढाईत कोणी बाण मारला, टाचेत लागला.”

“मंग?”

“मंग मेला.” शब्द तोंडातून गेला आणि तिने जीभ चावली. “अब्बा, वो तो कहानी है! खरोखर टाचेनं कोणी मरत नाही. अजिबात नाही. तुम्ही टेन्शन घेऊ नका.”

तीन-तीनदा नाही म्हणणं रहेमानला चांगलं ठाऊक होतं. गॅसच्या दिवसांत तोही असाच म्हणायचा. डॉक्टर शिकलेला, त्याने सरळ न सांगता नावातून सांगितलं, असा अर्थ त्याने लावला. तो खरोखर घाबरला. पण घाबरलो म्हणायची त्याला सवय नव्हती.

मग पुढचे दिवस त्याने सुनेला भंडावून सोडलं. यूनानच्या एखाद्या तरी म्हणीचा शेवट बरा होतो का, हे त्याला पाहायचं होतं. सकाळच्या पेपरात मथळा आला, बाजार समितीत पँडोराची पेटी उघडली. ही पँडोरा कोण? शगुफ्ता म्हणाली, एक बाई, तिने उघडू नको म्हटलेली पेटी उघडली, त्यातून जगभरची दुखणी बाहेर पडली, आणि झाकण लावलं तेव्हा उमेद तेवढी आत राहिली.

“आत राह्यली म्हणजे लोकाईले भेटली का नाही भेटली?”

“गाइडमध्ये एवढंच आहे, अब्बा.”

साड्यांच्या नव्या दुकानाच्या जाहिरातीत मालकाचा ‘मिडास टच’ होता. मिडास राजाने हात लावला की सोनं व्हायचं, आणि शेवटी त्याने पोटच्या पोरीला हात लावला. रहेमानने ताबडतोब विचारलं, त्या साडीवाल्याला पोरगी आहे का, कोणी सांगितलं का त्याला? मोबाईलमध्ये शिरणारा ट्रोजन म्हणजे एक लाकडी घोडा, त्याच्या पोटात वैरी लपलेले. आपल्या पोटात काय लपलंय या विचाराने त्या दिवशी तो जेवला नाही. एकच माणूस त्याला पटला, तो सजा म्हणून कायम डोंगरावर धोंडा ढकलणारा, ज्याचा धोंडा रोज खाली येतो. “याले कायची सजा म्हणता?” तो म्हणाला. “गादी दरसाल दबते, दरसाल पिंजा लागते. धंदा म्हणतात त्याले.” पण हसू आलं नाही. जन्मभर ही मंडळी आपल्या आजूबाजूला, पेपरात, जाहिरातीत, पायाच्या शिरेत राहत होती आणि आपल्याला खबर नव्हती, याने त्याला विलक्षण एकटं वाटलं. त्याहून एकटं वाटलं ते घरातल्या कुजबुजीने. सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यालाच नव्हतं. कोणीतरी एकाने खरं सांगावं, एवढीच त्याची इच्छा उरली.

विचारायची मात्र छाती होत नव्हती. विचारलं आणि त्यांनी सांगितलं तर?

मरणारा माणूस करतो ते त्याने सुरू केलं. शेजाऱ्याला बोलावून ‘कहा-सुना माफ करो’ म्हणाला. शेजारी इतका हबकला की धावत जीशानकडे गेला, आणि घरातली कुजबुज आणखी वाढली. मग एका दुपारी रहेमानने हट्ट धरला. बोरी अरबला जायचं. किसनरावाच्या घरी.

जोहराबीने डोळे वटारून पाहिलं, पण तो ऐकेना. राजदीपच्या ऑटोत मागे गादी अंथरली आणि रहेमान गादीवाला आपल्याच हातच्या मालावर लोळत, प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून निघाला. जोहराबी शेजारी दांडा धरून बसली. तिचं माहेर बोरीच्याच अंगाचं. एरवी त्या रस्त्याला लागली की ती प्रत्येक शेताचा मालक सांगायची. आज गप्प होती.

किसनरावांच्या विमलताई अंगणात तूर निवडत होत्या. दोस्ताची बायको, म्हणून रहेमान त्यांना वहिनी म्हणायचा. त्यांनी लगबगीने खाट ओढली, पाय पाहिला, काय झालं विचारलं. रहेमानने टाच सांगितली, अकिलीस सांगितला, बाण सांगितला. विमलताईंनी शांतपणे ऐकलं.

“आमच्या कृष्णदेवालेही पायातच बाण लागलता,” त्या म्हणाल्या. “त्यातच गेले.”

रहेमानचा चेहरा उतरला. “म्हणजे तुमच्यातबी?”

“मी चहा मांडते,” विमलताई म्हणाल्या. “साखर जास्त लागते ना तुमाले?”

“नको, साखर नको!” जोहराबी जवळजवळ ओरडलीच.

रहेमानने बायकोकडे पाहिलं. तिने मान फिरवली. आता शंकेला जागाच उरली नाही, असं त्याला वाटलं. त्याने हात जोडले.

“वहिनी, बसा. चहा राहू द्या. मले काही दिवस उरले नाही, हे मले समजलं. घरचे सांगत नाही, मीबी इचारत नाही. जायच्या आधी तुमची माफी मांगाले आलो. किसनरावाले काय झालतं ते मले माहीत होतं. मी त्याले गॅस गॅस म्हणून फसवलं. माणसाले अंधारात ठेवलं तं कसं वाटते, ते मले आता समजून राह्यलं. त्याची माफी मांगता येत नाही, म्हणून तुमची मांगतो.”

विमलताईंनी सूप खाली ठेवलं.

“त्यायले माहीत होतं, रहेमानभाऊ.”

“काय माहीत होतं?”

“सगळं. पयल्या हप्त्यातच. अमरनं ट्रॅक्टरची चाबी मांगतली, हे नाही म्हणले, अन् पोरगं चिडलं नाही. तवाच मले म्हणाले, विमल, मोठा आजार दिसते.”

“मंग मले काहून नाही बोलला तो?”

“तुमी बोलू देल्लं का?” विमलताईंच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “बोलाचं होतं त्यायले. तुमची गाडी वाजली का मले म्हणत, तू सैपाकघरात जाय, मले रहेमानसंग बोलाचं आहे. मी चहा घेऊन येवो तं तुमचं सुरूच. ओवा खाय, हिंग खाय. हे हासत, मान हालवत. तुमी गेल्यावर म्हणत, जाऊ दे, बिचारा एवढा जीव लावून खोटं बोलते, त्याचं मन कायले मोडू.”

“काय बोलाचं होतं त्याले?”

“मले काय माहीत? मी इचारलं तं म्हणे, ते रहेमानलेच सांगीन.”

अंगणात कोंबड्या तूर टिपत होत्या आणि त्यांना हाकलायला कोणी उठलं नाही. रहेमान रडायला लागला. आधी त्याने टोपी डोळ्यांवर ओढली, मग तीही काढून हातात घेतली. आपण दोस्ताला सांभाळलं असं तो समजत होता आणि दोस्त आपल्याला सांभाळत होता. इतके जुम्मे तो त्या खाटेशी बसला, आणि किसनरावाच्या ओठावर आलेली गोष्ट त्याने दर वेळी ओव्याने परत आत ढकलली. ती काय होती, हे आता जगात कोणालाच माहीत नव्हतं.

जोहराबीला त्याचं रडणं पाहवलं नाही. तिने विमलताईंच्या सुपातली तूर निवडायला घेतली होती, ती टाकून ती खाटेच्या कडेला येऊन बसली.

“तुमाले काही नाही झालं! शुगर आहे नुसती. रक्तात निघाली. बस, शुगर.”

रहेमानने तिच्याकडे पाहिलं. तिचा आवाज, तो ‘बस’, तो हात उडवणं, सगळं त्याला ओळखीचं वाटलं.

“असंच म्हणत होतो मी. गॅस आहे, बस.”

“खुदाची कसम! डॉक्टरले फोन लावू का?”

“किसनरावाचा डॉक्टरबी गॅसच म्हणे.”

खरं सांगूनही खोटं ठरतंय, यावर जोहराबीकडे उपाय नव्हता. खोटं काय आणि खरं काय हे रहेमानलाही कळत नव्हतं. तो बायकोकडे वळून म्हणाला, “कसम नको. बोल तू. जे असन ते सगळं बोल. मी मधात बोलत नाही.”

“काय बोलू? शुगर लई निघाली,” ती म्हणाली. “तिनशेच्या वर. डॉक्टर म्हणे, अशात चिरा देल्ला तं जखम भरत नाही. सडते. आधी शुगर उतरवा म्हणे.” ती थांबली. तो खरंच मध्ये बोलला नाही, तेव्हा तिचा आवाज बदलला. “मह्या बापाचा पाय असाच गेलता. तुमी पाह्यलं ना? आधी अंगठा, मंग पंजा, मंग गुडघ्यापासून. मीच पट्टी बांधो त्यायची. डॉक्टरनं तुमच्या टाचेचं नाव काढलं अन् मह्या डोयापुढं तेच आलं. जीशान म्हणे अब्बाले सांगू, मीच नाही म्हणली. कोणत्या तोंडानं सांगू? तुमी हासून उडवलं असतं, अन् मी एकटीच राह्यली असती.”

सासऱ्याचा तो पाय रहेमानने पाहिला होता. त्यांच्यासाठी मऊ गादी त्यानेच करून दिली होती, आणि देताना एक विनोदही केला होता. तो कोणता, ते आता आठवलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

“मले भेव लागते,” जोहराबी म्हणाली. एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने पहिल्यांदा उच्चारलं असेल.

रहेमानने सवयीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. विमलताई त्याच्याकडे बघत होत्या. त्याने तोंड मिटलं, आणि जोहराबीचा तुरीच्या धुळीने भरलेला हात आपल्या हातात घेतला.

“मलेबी,” तो म्हणाला.